प्रक्षेपण बरोबर ४ मिनिटं २० सेकंदांनी थांबतं. मल्टिकास्टवाले कुणी आहे का?

सातपूरकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नाशकातल्या एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क सांभाळतो. नाव सांगत नाही, नोकरी टिकवायची आहे. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमच्या दोन इमारती, मधून रस्ता जातो. जुन्या इमारतीत सभागृह. तिथला कार्यक्रम सगळ्या वर्गांतल्या टीव्हींवर दिसायला हवा. जुन्या इमारतीत १८ टीव्ही, नव्या इमारतीत २२, प्रत्येकामागे एक छोटा बॉक्स. एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर सोडणारं यंत्र) ६ एमबीपीएसचा प्रवाह सोडतो. चाळीस बॉक्सना वेगवेगळा प्रवाह द्यायचा तर २४० एमबीपीएस होतात, आणि आमचा एन्कोडर आठव्या-नवव्यालाच मान टाकतो. म्हणून मल्टिकास्ट. एन्कोडर २३९.१०.१०.५ या पत्त्यावर एकदाच बोलतो, ज्याला हवं त्याने ऐकावं.

आज चाचणी घेतली. जुन्या इमारतीत चित्र झकास आलं. मी मोठ्या ऐटीत खाली चहाला गेलो, वर येतो तर सगळे टीव्ही काळे. रिमोटने दुसऱ्या चॅनेलवर जाऊन परत आलं की चित्र येतं, आणि पुन्हा जातं. शेवटी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. ४ मिनिटं २० सेकंद. पुढच्या वेळीही तेवढंच.

नव्या इमारतीत तर एक सेकंदही चित्र नाही.

स्विचवाला म्हणतो बॉक्स खराब, बॉक्सवाला म्हणतो स्विच खराब. शनिवारी स्नेहसंमेलन आहे.

टपरीवरचा_चहा | सोमवार, रात्री ९:५२

स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग असेल ते बंद करून टाक. दोन मिनिटांचं काम. आमच्याकडे असंच केलं होतं.

अंबडचा_वायरमन | सोमवार, रात्री ११:१५

सातपूरकर, वरचा सल्ला पाळू नका. आणि स्टॉपवॉच लावलंत त्याबद्दल तुम्हाला माझ्याकडून एक मिसळ. त्या आकड्यातच उत्तर आहे.

टीव्ही चालू केला की बॉक्स एक आयजीएमपी निरोप पाठवतो, 'मला २३९.१०.१०.५ हवंय'. स्विच तो निरोप चोरून ऐकतो. स्नूपिंग म्हणजे तेच, पडद्याआडून कान देणं. ऐकून तो वहीत टिपतो की सात नंबरच्या पोर्टवर गिऱ्हाईक आहे. पण ही नोंद कायमची नसते. कुणीतरी अधूनमधून हाळी द्यायची असते, 'अजून कुणाला काय काय हवंय?' तिला क्वेरी म्हणतात आणि ती देणाऱ्याला क्वेरियर. ठरलेला वेळ १२५ सेकंदांचा, उत्तराला जास्तीत जास्त १० सेकंद. सलग दोन हाळ्या कोरड्या गेल्या की गिऱ्हाईक गेलं असं समजून नोंद पुसायची. आता हिशेब करा. १२५ दुणे २५०, अधिक १०. २६० सेकंद. म्हणजे ४ मिनिटं २० सेकंद.

तुमच्याकडे हाळी देणारा कुणीच नाही. बॉक्स चालू होताना आपण होऊन एकदा सांगतो, पुढे कुणी विचारत नाही म्हणून तो गप्प. २६० सेकंदांनी स्विच वही पुसतो. चॅनेल बदललं की नवा निरोप जातो, नवी नोंद होते. म्हणून चित्र परत येतं. बॉक्स चांगला आहे, स्विचही चांगला आहे.

हे काम एरवी राउटर करतो. तुमच्या मुख्य लेयर-३ स्विचवर (म्हणजे राउटरचंही काम करणाऱ्या) त्या व्हीलॅनच्या (स्विचमध्ये वेगळ्या पाडलेल्या जाळ्याच्या) इंटरफेसला पिम, म्हणजे राउटरांनी आपसात मल्टिकास्टची मागणी पोचवायचा प्रोटोकॉल, चालू करा, तो आपोआप क्वेरियर होईल. एकाच व्हीलॅनमध्ये दोघे दावेदार निघाले तर ज्याचा आयपी पत्ता लहान तो जिंकतो, त्याची काळजी नको.

सातपूरकर | मंगळवार, सकाळी ११:०५

वायरमनसाहेब, उशीर झाला. तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच, सकाळी आठला, मी स्नूपिंग बंद केलं. टीव्ही अखंड चालले खरे, पण सव्वाआठला वाय-फाय बसलं. साडेआठला वरून फोन. मी आपला 'बघतो सर, बघतो सर'. स्नूपिंग परत चालू केल्यावर वाय-फाय उठलं. हे काय प्रकरण आहे?

टपरीवरचा_चहा | मंगळवार, सकाळी ११:१०

आमच्याकडे वाय-फाय नव्हतं. 🙏

अंबडचा_वायरमन | मंगळवार, दुपारी १:३०

वाटलंच होतं. स्नूपिंग काढलं की स्विचला मल्टिकास्ट म्हणजे दवंडी. येईल ते पॅकेट व्हीलॅनमधल्या सगळ्या पोर्टांवर उधळायचं. त्यातले काही पोर्ट तुमच्या ॲक्सेस पॉइंटचे. वाय-फायवर एकाला पाठवलेल्या फ्रेमची पोच मिळते, म्हणून तिथे वेग चढवता येतो. सगळ्यांसाठीच्या फ्रेमची पोच कोण देणार? म्हणून ती सगळ्यात दूरच्या, सगळ्यात अडाणी उपकरणालाही कळेल अशा किमान वेगाने जाते. तो वेग बऱ्याच ठिकाणी १ किंवा ६ एमबीपीएस ठेवलेला असतो. तुमचा प्रवाहच ६ चा. हवेत दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच उरली नाही. कुणीही तो प्रवाह मागितला नव्हता तरी.

(सगळे स्विच सारखे नसतात. काही स्विच नोंद संपली की प्रवाह थांबवत नाहीत, उलट सगळीकडे सोडतात. तिथे हाच दोष 'चार मिनिटांनी नेटवर्क हळू होतं' असा दिसतो, आणि मग माणूस आठवडाभर भलतंच शोधत बसतो. तुमचे टीव्ही काळे पडले हे नशीब समजा.)

टेलचा_शेतकरी | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

मी नेटवर्कमधला नाही. दिंडोरीकडचा, द्राक्षबाग आहे, पाणीवापर संस्थेच्या कामात बरीच वर्षं घातली. मुलाने धागा दाखवला, रस वाटला म्हणून एक अडाणी प्रश्न. हा २३९.१०.१०.५ पत्ता नेमका कुणाचा? एन्कोडरचा की टीव्हीचा?

निफाडची_नात | मंगळवार, रात्री ९:००

काका, प्रश्न अजिबात अडाणी नाही, अख्ख्या विषयाची मेख तिथेच आहे. तो पत्ता कुणाचाच नाही.

आयपीमध्ये २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते यंत्रांना द्यायचेच नाहीत असं ठरलंय. ती गटांची नावं आहेत. एन्कोडरचा स्वतःचा पत्ता वेगळा असतो, टीव्हीचा वेगळा. २३९.१०.१०.५ म्हणजे 'स्नेहसंमेलन बघणारे' एवढंच.

आता राउटरची पंचाईत बघा. एरवी त्याच्याकडे पॅकेट आलं की तो विचारतो, जायचंय कुठे? तक्त्यात बघतो, त्या दिशेला ढकलतो. इथे 'कुठे' या प्रश्नाला उत्तरच नाही. ऐकणारे चाळीस असतील, एक असेल, किंवा कुणीच नसेल. म्हणून मल्टिकास्टमध्ये राउटर उलटा प्रश्न विचारतो: हे आलं कुठून? उगमाकडे जायचा माझा रस्ता कुठला? उगमाचा पत्ता खरा असतो, तो तक्त्यात सापडतो. ज्याला प्रवाह हवा तो राउटर उगमाच्या दिशेच्या शेजाऱ्याला सांगतो, 'हा गट मलाही दे'. शेजारी त्याच्या पुढच्याला सांगतो. असं करत मागणी उगमापर्यंत चढते, आणि ज्या वाटेने मागणी चढली त्याच वाटेने प्रवाह उतरतो. झाड शेंड्याकडून बुंध्याकडे वाढतं म्हणा ना.

टेलचा_शेतकरी | मंगळवार, रात्री ९:४५

मग हे तर आमचंच काम झालं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याने पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरायचा, तो संस्थेकडे, संस्थेची मागणी वर कालव्याकडे, आणि मग आवर्तन सुटतं. ज्या चारीवर मागणी नाही तिचं गेट उघडायचं नाही. वाघाड धरणाच्या पाण्याचं संस्थांनी असंच बसवलं. आणि अर्ज दर पाळीला नव्याने भरावा लागतो, मागच्या वर्षीचा चालत नाही. तुमच्या त्या १२५ सेकंदांसारखं.

अंबडचा_वायरमन | मंगळवार, रात्री १०:१०

काका, पिम शिकवायला तुम्हालाच बोलवायला हवं. राउटरही शेजाऱ्याकडची मागणी दर ६० सेकंदांनी नव्याने भरतो. २१० सेकंद आली नाही तर वरचा गेट पाडतो.

खडूस_खडकाळी | मंगळवार, रात्री १०:३२

उपमा छान, पण पांगळी. कालव्यातून दोन चाऱ्या फुटल्या की पाणी निम्मं-निम्मं होतं. इथे राउटरपाशी पॅकेट फुटलं की दोन्हीकडे पूर्णच्या पूर्ण जातं. म्हणूनच ६ एमबीपीएसमध्ये चाळीस टीव्ही चालतात. पाण्याचं असं झालं असतं तर जायकवाडीवरून भांडणं कशाला झाली असती?

टेलचा_शेतकरी | मंगळवार, रात्री १०:४०

ते खरं. टेलला येईपर्यंत चिखल उरायचा.

निफाडची_नात | बुधवार, सकाळी ७:५०

अवांतर, पण द्राक्षवाले काका आहेत म्हणून सांगते. मागणीनुसार देण्याची ही पद्धत नंतर रुळली. आधी उलटं होतं. १९८८ मध्ये डीव्हीएमआरपी नावाचा मल्टिकास्ट राउटिंगचा पहिला प्रोटोकॉल कागदावर आला. त्याचं धोरण पुढे असं बसलं: आधी प्रवाह सगळ्या फांद्यांत सोडायचा, ज्याला नको त्याने 'छाट' म्हणून निरोप पाठवायचा. प्रोटोकॉलमध्ये शब्दही 'प्रून'च आहे, म्हणजे आपली छाटणी. पिमच्या डेन्स मोडमध्ये हेच चालतं. गंमत अशी की छाटलेली फांदी साधारण तीन मिनिटांनी परत फुटते, पुन्हा सगळीकडे प्रवाह, पुन्हा छाटणी. खरड छाटणी आणि गोडी छाटणी वर्षात एकेकदा करताना मजूर मिळत नाहीत, इथे तीन-तीन मिनिटांनी!

मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोला आयईटीएफची (इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या मंडळींची) बैठक झाली, तिचा आवाज एमबोन नावाच्या मल्टिकास्ट जाळ्यावरून दूरदूरच्या ठिकाणी ऐकवला होता, तेव्हा डीव्हीएमआरपीच कामाला होता. जाळं वाढलं तसं हे परवडेनासं झालं.

सातपूरकर | बुधवार, दुपारी ४:१५

ताजी खबर. मुख्य स्विचवर पिम स्पार्स मोड (मागेल त्यालाच देणारा) चालू केला. जुन्या इमारतीत टीव्ही दुपारी एकपासून अखंड चालू आहेत. २६० सेकंदांच्या भुताचा बंदोबस्त झाला. वायरमनसाहेब, मिसळ माझ्याकडून.

नवी इमारत मात्र तशीच काळी. तिथे वेगळा लेयर-३ स्विच आहे, वेगळे सबनेट. तिथेही पिम चालू केला. आरपी (मागणी आणि प्रवाह यांच्या भेटीचं ठिकाण) म्हणून जुन्या इमारतीतल्या मुख्य स्विचचा लूपबॅक पत्ता दोन्हीकडे दिला. पिंग दोन्हीकडून जातो.

अंबडचा_वायरमन | बुधवार, दुपारी ४:५०

पहिला संशयित: एन्कोडरमधला टीटीएल, म्हणजे पॅकेटचं आयुष्य किती राउटरांपुरतं तो आकडा. मल्टिकास्ट पाठवणाऱ्या बऱ्याच उपकरणांत तो मुळातच १ असतो. प्रत्येक राउटर एक वजा करतो, म्हणजे पहिल्या उंबरठ्यावरच पॅकेट गतप्राण. मुद्दामच तसं आहे, कुणाचा प्रवाह चुकून गावभर हिंडू नये म्हणून. १६ करा.

सातपूरकर | बुधवार, संध्याकाळी ६:०५

टीटीएल १ च होता! १६ केला. तरी चित्र नाही. 😐

नाशिकरोडचा_प्रवासी | बुधवार, संध्याकाळी ६:३०

मध्येच विचारतो. आपण यूट्यूबवर मॅच लाइव्ह बघतो तेव्हाही हे मल्टिकास्टच असतं का? लाखो लोक एकदम बघतात म्हणून.

खडूस_खडकाळी | बुधवार, संध्याकाळी ६:५५

नाही. तिथे प्रत्येकाला वेगळा प्रवाह जातो, फक्त तो जवळपासच्या सर्व्हरवरून येतो. मल्टिकास्टसाठी वाटेतल्या प्रत्येक राउटरने गटागटाचा हिशेब लक्षात ठेवावा लागतो. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकासाठी हा हिशेब कोण ठेवणार? त्यामुळे खुल्या इंटरनेटवर ते चाललं नाही. शिवाय तुम्हाला मध्येच थांबवून मागे जायचं असतं, गटातल्या एकासाठी गट थांबत नाही. मल्टिकास्ट जगलं ते जिथे सगळं जाळं एका मालकाचं आहे तिथे. केबल कंपन्यांचा आयपीटीव्ही, किंवा शेअर बाजार. एनएसईचा टिक-बाय-टिक भाव मल्टिकास्टनेच सुटतो. तिथे सगळ्यांना एकाच वेळी मिळणं हाच मुद्दा.

निफाडची_नात | बुधवार, रात्री ८:२०

सातपूरकर, दोन गोष्टी इथे द्या. एक, नव्या इमारतीतल्या स्विचवर मल्टिकास्टचा तक्ता काढा आणि त्या गटाच्या स्टार-कॉमा-जी नोंदीत ('उगम कुठलाही, गट हा' अशी नोंद) 'आत येणारा इंटरफेस' आणि 'आरपीएफ शेजारी' (ज्याच्याकडे मागणी चढवायची तो राउटर) काय दिसतं ते सांगा. दोन, ट्रेसरूट दोन्ही बाजूंनी काढा. नव्याकडून जुन्याकडे आणि जुन्याकडून नव्याकडे. पिंगवर माझा विश्वास नाही. जाताना कुठून गेला आणि येताना कुठून आला ते तो सांगत नाही.

सातपूरकर | गुरुवार, सकाळी १०:४०

आत येणारा इंटरफेस: रेडिओ. आरपीएफ शेजारी: ०.०.०.०.

ट्रेसरूट: जुन्याकडून नव्याकडे फायबरने. नव्याकडून जुन्याकडे... रेडिओने!

आत्ता आठवलं. पावसाळ्यात रस्ता खोदताना आमची फायबर तुटली होती, तेव्हा गच्चीवर दोन अँटेना लावून तात्पुरती सोय केली होती. फायबर नंतर जोडली. पण ते असंच चालू असेल तर काय बिघडतं? नेट व्यवस्थित चालतंय.

निफाडची_नात | गुरुवार, सकाळी ११:३०

सापडलं.

तुमच्या नव्या इमारतीतल्या स्विचला प्रवाह हवाय. आरपीपर्यंत मागणी चढवायची म्हणून तो नेहमीच्या तक्त्यात बघतो की आरपीकडे जायचा रस्ता कुठला. तक्ता म्हणतो, रेडिओ. तो रेडिओच्या टोकाला जाऊन बघतो तर तिथे पिम बोलणारा शेजारीच नाही, कारण पिम तुम्ही फक्त फायबरवर चालू केलाय. म्हणून शेजाऱ्याच्या जागी ०.०.०.०. अर्ज लिहून तयार आहे, पण द्यायचा कुणाकडे? फायबरच्या टोकाला शेजारी हजर आहे, पण तिकडे तो बघतच नाही.

समजा कुणी जबरदस्तीने फायबरवरून प्रवाह ढकलला, तरी तो टाकून देईल. आरपीएफ म्हणजे तीच तपासणी: हे पॅकेट ज्या दारातून आलं, त्याच दारातून मी उगमाकडे गेलो असतो का? नसेल तर फेकून दे. ही कल्पना दलाल आणि मेटकाफ यांनी १९७८ मध्ये मांडली होती. निष्ठुर वाटते, पण हवीच. साधं पॅकेट चक्रात अडकलं तर एकच फिरतं. मल्टिकास्ट पॅकेट चक्रात अडकलं तर प्रत्येक फाट्यावर त्याला पिलं होतात.

नेहमीच्या नेटला जाण्याचा रस्ता एक आणि येण्याचा दुसरा असला तरी फरक पडत नाही. मल्टिकास्ट उलट्या रस्त्यावर उभं असतं, म्हणून त्याला पडतो. माझी पैज आहे, त्या वेळी नव्या इमारतीत कुणीतरी हाताने स्टॅटिक रूट टाकला आणि काढायचा राहिला. ओएसपीएफने (राउटर आपसात रस्ते शिकतात त्या प्रोटोकॉलने) शिकलेल्या फायबरच्या रस्त्याचं वजन ११०, हाताने टाकलेल्याचं १. लहान आकडा जिंकतो.

सातपूरकर | गुरुवार, दुपारी १२:१५

पैज जिंकलात. रूट सापडला. आणि तो टाकणारा 'कुणीतरी' मीच. नोंदीत माझंच नाव आहे. 🙈

काढून टाकू का? परत फायबर तुटली तर?

अंबडचा_वायरमन | गुरुवार, दुपारी १२:४०

काढू नका, वजन २०० देऊन परत टाका. फायबर जिवंत असेल तोवर तो झोपलेला राहील. आणि रेडिओच्या दोन्ही टोकांनाही पिम चालू करून ठेवा, म्हणजे वेळ आली तर मागणी तिकडून चढेल. रेडिओ प्रत्यक्षात १०० एमबीपीएस देत असेल तर ६ चा प्रवाह त्याला काहीच नाही. वेगवेगळा द्यायचा असता तर २२ टीव्हींचे १३२ झाले असते, मग बसला असता.

सातपूरकर | गुरुवार, दुपारी १:०५

आलं!!! एंटर मारला, मनात पाच मोजले नसतील, वॉचमनकाकांचा नव्या इमारतीतून फोन, 'साहेब, टीव्हीत रिकामं स्टेज दिसतंय.' इतकं सुंदर रिकामं स्टेज आजवर पाहिलं नव्हतं.

एक शंका. हा आरपी लागतोच कशाला? प्रवाह तर एन्कोडरकडून येतो.

निफाडची_नात | गुरुवार, रात्री ९:१०

कारण बॉक्सला गटाचं नाव माहीत असतं, उगम कुठे आहे ते नाही. मग मागणी कुठे चढवायची? म्हणून एक भेटीचं ठिकाण ठरवतात. ऐकणाऱ्यांनी मागणी आरपीकडे न्यायची, उगमाशेजारच्या राउटरने सुरुवातीची पॅकेटं लिफाफ्यात घालून आरपीकडे धाडायची. गाठ पडली की अनेक राउटर पहिलं पॅकेट पोचताच खरा उगम ओळखून थेट त्याच्याकडे मागणी चढवतात आणि आरपीचा वळसा सोडून देतात. स्थळ सुचवणाऱ्याचं काम लग्न जुळेपर्यंत. तुमच्याकडे आरपी आणि एन्कोडरचा राउटर एकच आहे, त्यामुळे वळसा मुळातच नाही.

तुमच्यासारख्या एकाच उगमाच्या कामाला खरं तर एसएसएम पुरतं. २३२ ने सुरू होणारे पत्ते त्यासाठी राखलेत. बॉक्स उगमाचा पत्ता आणि गट दोन्ही सांगतो, आरपीची गरजच नाही. पण त्याला आयजीएमपीची तिसरी आवृत्ती लागते.

सातपूरकर | गुरुवार, रात्री ९:२५

बॉक्स दुसऱ्या आवृत्तीचे आहेत. राहू दे.

अंबडचा_वायरमन | गुरुवार, रात्री १०:००

पुढे कॅमेरे वगैरे जोडाल तेव्हासाठी एक खड्डा आताच दाखवून ठेवतो, मी त्यात पडलोय. एका कारखान्यात मी हौसेने सोपा पत्ता निवडला, २३९.०.०.१. सगळं बरोबर, स्नूपिंग चालू, क्वेरियर चालू, तरी प्रवाह प्रत्येक पोर्टवर. दोन दिवस गेले. मल्टिकास्ट आयपीवरून इथरनेटचा पत्ता बनवताना आयपीचे शेवटचे २३ बिटच घेतात, त्यामुळे ३२ वेगवेगळ्या गटांना एकच इथरनेट पत्ता येतो. २३९.०.०.१ ची जुळी भावंडं कोण? २२४.०.०.१, म्हणजे 'सगळी यंत्रं'. ते स्विच कधीच अडवत नाही, अडवायचंही नसतं. २३९.१२८.०.१ चंही तेच. सातपूरकर, तुमचा १०.१०.५ ठीक आहे.

गावठी_गिगाबिट | शुक्रवार, सकाळी ८:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली). असे धागे हल्ली दिसत नाहीत.

टेलचा_शेतकरी | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

शेवटचं विचारतो. शेतकऱ्याचं भिजवून झालं आणि तो गेट पाडायला विसरला तर पाणी नाल्याला जातं. तुमच्यात टीव्ही बंद केल्यावर काय होतं?

अंबडचा_वायरमन | शुक्रवार, संध्याकाळी ७:००

बॉक्स शहाणा असेल तर जाताना 'निघालो' म्हणून सांगतो. दुसऱ्या आवृत्तीत, १९९७ मध्ये, ही सोय आली. राउटर लगेच विचारतो, 'अजून कुणी आहे का?' एकेका सेकंदाच्या अंतराने दोनदा. कुणी बोललं नाही की वरच्याला छाटणीचा निरोप. कुणी नुसतीच वायर उपटली तर मात्र २६० सेकंद नाल्याला.

सातपूरकर | शनिवार, रात्री ११:५०

संमेलन झालं. चाळीसच्या चाळीस टीव्ही चार तास चालले. एकदा चित्र तुटलं, ते एन्कोडरच्या वायरला कुणाचा तरी पाय लागून, त्यात माझा हात नाही.

काकांच्या प्रश्नाचं प्रात्यक्षिक करून आलो. कार्यक्रम संपल्यावर मी जुन्या इमारतीत फायबरच्या पोर्टचा आकडा उघडून बसलो आणि वॉचमनकाका नव्या इमारतीत एकेक टीव्ही रिमोटने बंद करत गेले. एकवीस टीव्ही बंद होईपर्यंत आकडा ६ वरून हलला नाही. बाविसावा तिसऱ्या मजल्यावर, त्याचा रिमोट सापडेना. काका फोनवर म्हणाले, 'मागून बटण दाबू का?' म्हटलं, नको काका, वायरला हात लावू नका, रिमोटच शोधा. दहा मिनिटांनी सापडला. त्यांनी 'केला' म्हटलं, आणि दोन-तीन सेकंदांत ६ चा शून्य झाला.